नोकरीचे शहर निवडताना

गेल्या दिवाळीच्या सुमारास गुरुग्रामहून एका वाचक-भगिनीचे पत्र आले. त्यांचे यजमान संगणक-व्यवसायात नोकरीस आहेत. त्या स्वतः घरी राहून हिशेब-तपासणीचे काम करतात. घरात सात वर्षांची मुलगी आहे, आणि वर्षातील निम्मे महिने साताऱ्याहून येऊन राहणारे सासरे. यजमानांपुढे एकाच वेळी तीन ठिकाणच्या नोकऱ्या चालून आल्या आहेत. बंगळूरचा पगार सर्वांत मोठा. पुण्याचा त्याहून महिना पंचवीस हजारांनी कमी. तिरुवनंतपुरम्‌चा पंचेचाळीस हजारांनी कमी. ‘पैशाचा तक्ता आम्ही मांडला आहे,’ असे त्या लिहितात, ‘परंतु मुलीला मातीत खेळता येईल की नाही, हे कोणत्या रकान्यात लिहावे ते कळत नाही.’

हा प्रश्न त्या एकट्यांचा नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई आज याच व्यवसायात आहेत, आणि शहर कोणते घ्यावे हा विचार घरोघरी चालू आहे. म्हणून त्यांना उत्तर लिहिता लिहिता ते आपणां सर्वांसही सांगावे असे ठरविले.

प्रथम गुरुग्राम का सोडावयाचे, ते पाहू. तेथे निसर्ग नाही असे नाही. अरवलीच्या ज्या भागात एके काळी दगडाच्या खाणी होत्या, तेथे नागरिकांनी देशी झाडे लावून सुमारे ३८० एकरांचे वन उभे केले आहे. परंतु थंडीच्या तोंडी हवाच अशी होते की मुलांना त्या वनात न्यावे तरी कसे? २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि आसपासच्या शहरांतील शाळांचे वर्ग मुलांना घरी बसवून भरवावे लागले, हे आपल्या स्मरणात असेलच. झाडे दाराशी आहेत आणि दार उघडता येत नाही, अशी ही अवस्था. तेव्हा निसर्ग म्हटला की आपण डोंगर आणि झाडी एवढेच डोळ्यांपुढे आणतो, ते पुरेसे नाही. श्वासाची हवा आणि नळाचे पाणी हाही निसर्गच, आणि खरे म्हणजे तोच पहिला.

मी स्वतः या परीक्षेत एकदा नापास झालो आहे. अनेक वर्षांपूर्वी वाढीव पगाराच्या मोहाने एका महानगरात गेलो. घर चौदाव्या मजल्यावर, नवे, हवेशीर. वडील नाशिकहून आमच्याकडे राहावयास आले. गोदावरीच्या काठाने रोज पहाटे फिरण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय. पहिल्या आठवड्यात ते खाली उतरले, फाटकाबाहेरचा आठ पदरी रस्ता पाहून परत आले, आणि त्यानंतर सज्जातील खुर्चीवर बसू लागले. अकरा महिन्यांनी ते नाशिकला परतले. ‘घर चांगले आहे रे तुझे,’ असे ते जाताना म्हणाले, ‘पण उठून कोठे जावे असे ठिकाण नाही.’ वाढलेल्या पगारातून त्यांच्यासाठी मी काय विकत घेतले असते, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता बंगळूर. या शहराला जे मोठेपण आले, त्यात हवेचा वाटा थोडा नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तेथील उन्हाळा नागपूरकरांना उन्हाळाच वाटणार नाही. १७६० साली हैदर अलीने आरंभिलेली लालबाग, तीतील सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा खडक, १८७० सालचे कब्बन उद्यान, ही वैभवे कोणत्याही शहराने हेवा करावा अशी. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी तेथे आली. आणि पुण्यात १९८१ साली जन्मलेली इन्फोसिस १९८३ सालीच बंगळूरला गेली होती, हे पुणेकर अजून थोड्या खेदानेच सांगतात. आज या व्यवसायात एक नोकरी सुटली तर दुसरी मिळण्याचा संभव जितका बंगळूरात आहे, तितका देशात अन्यत्र क्वचितच. हा लाभ पगाराच्या आकड्यात दिसत नाही, पण प्रपंचाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे.

तथापि लालबाग दक्षिणेस आणि कचेऱ्या शहराच्या कडेला, व्हाइटफील्डला, बाह्यवळण रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटीत. कचेरीजवळ घर घेतले तर लालबाग हा सहलीचा विषय होतो. लालबागेजवळ घेतले तर कचेरी हा प्रवास होतो. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास गेले, असे समजा. कामाचे २४० दिवस धरले तर वर्षाचे ७२० तास, म्हणजे पुरते तीस दिवस आणि तीस रात्री वाहनात. महिना पंचवीस हजार जास्त मिळतात खरे, परंतु त्यांतून घरभाड्याचा फरक वजा करावा, कित्येक घरमालक आजही मोठी अनामत रक्कम मागतात ती अडकून पडते ते लक्षात घ्यावे, आणि मग उरलेल्या रुपयांना त्या तीस दिवसांनी भागावे. ज्याने त्याने हा भागाकार आपापल्या घरी करून पाहावा. उत्तर पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

आणि पाणी. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने जवळजवळ ५०० मीटर वर चढवून बंगळूरला आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या आणि नवी उपनगरे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्या गावाने आपली तळी बुजविली, आणि ज्यातील बेळ्ळंदूर तलावाने २०१७ व २०१८ साली चक्क पेट घेतला, त्या गावाची तहान केवळ नळ वाढवून किती भागेल, हा विचार मनात येतोच. शहराच्या सौंदर्याने माणसे ओढली गेली, आणि माणसांच्या गर्दीने ते सौंदर्य ओढून नेले. अन्य शहरांनी यापासून शिकावे असे म्हणतात. शिकलेली मात्र फारशी दिसत नाहीत. हैदराबादेत जुबिली हिल्सला लागून कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान आहे, तेथे सकाळी फिरणाऱ्यांची रीघ असते. आणि त्याच हैदराबादेत २०२५ च्या एप्रिलमध्ये कांचा गच्चीबावलीच्या वनभूमीवरील झाडतोड सर्वोच्च न्यायालयास थांबवावी लागली.

मुंबईविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती कोणाच्या ध्यानात येत नाही. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात बाळगणारे असे महानगर जगात विरळा. ज्याचे घर बोरिवलीस आणि काम गोरेगावास, त्याला कान्हेरीच्या लेण्यांची वाट रोजची होऊ शकेल. ज्याचे काम नवी मुंबईत, त्याने बोरिवलीचे नाव काढू नये.

तिरुवनंतपुरम्‌चे नाव पाहून मला विशेष आनंद झाला. १९९० साली स्थापन झालेले तेथील टेक्नोपार्क हे आपल्या देशातील अशा प्रकारचे पहिले. समुद्र तेथून काही किलोमीटरांवर. पोनमुडीचे चहाचे मळे आणि धुके साठेक किलोमीटरांवर. पाऊस वर्षातून दोनदा, नैर्ऋत्येकडून आणि मग ईशान्येकडून. १९६३ साली ज्या थुंबा गावाच्या किनाऱ्यावरून भारताने पहिला अग्निबाण सोडला, तेही याच बाजूला. शहर लहान असल्याने संध्याकाळी सहा वाजता सुटलेला मनुष्य उजेड असता समुद्रावर पोहोचू शकतो, ही चैन मोठ्या पगाराच्या शहरांत विकत मिळत नाही. केंद्र सरकार आपल्या नोकरांस घरभाडेभत्ता देताना बंगळूर-पुण्यास वरच्या वर्गात आणि तिरुवनंतपुरम्, म्हैसूर, नाशिक, चंदीगढ यांस त्याखालच्या वर्गात धरते. सातव्या वेतन आयोगाने ठरविलेले मूळ प्रमाण अनुक्रमे शेकडा २४ व १६ होते. म्हणजे पगार कमी दिसतो तेव्हा खर्चही काहीसा कमी असावा, हे सरकारी खात्यानेही मानले आहे.

उणीव एवढीच की कंपन्या थोड्या. आज मिळालेली नोकरी उद्या गेली तर त्याच गावी तितक्याच योग्यतेची दुसरी लवकर मिळेल, अशी खात्री देता येत नाही. मुलीची शाळा मध्येच बदलावी लागेल, आणि साताऱ्याचे आजोबा दोन दिवसांचा प्रवास किती वेळा करतील? पत्रात सासऱ्यांचा उल्लेख एकाच ओळीत होता. मी त्या भगिनींस लिहिले की ती ओळ तक्त्याच्या शिरोभागी घ्यावी.

राहता राहिले पुणे. पुण्याचे खरे धन सिंहगड नव्हे. सिंहगड सुमारे तीस किलोमीटर; तेथे रविवारी जावे, पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही खावे, आणि उतरताना वाहनांच्या रांगेत अडकावे. खरे धन म्हणजे गावातील टेकड्या: पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी. तेथे जाण्यास सुट्टी काढावी लागत नाही, पायांत जोडे घातले की झाले. लहान मूल आणि सत्तरीचे आजोबा दोघांनाही झेपेल अशी चढण, वर मोर, आणि पावसाळ्यानंतर रानफुले. बाणेर-पाषाणच्या उजाड टेकडीवर तर परिसरातील लोकांनी पाणी वाहून झाडे जगविली आहेत. २०२३ साली वेताळ टेकडीवरून रस्ता काढण्याचे घाटत होते, तेव्हा मोठ्या संख्येने पुणेकर विरोधात रस्त्यावर आले. निसर्ग जवळ असण्याबरोबरच त्याची राखण करणारे शेजारीही जवळ असावे लागतात. मला वाटते, शहर निवडताना हे कोणी विचारतच नाही. हिंजवडीची वाहतूक मात्र बंगळूरास लाजविणारी आहे, हे लपवून उपयोग नाही. कचेरीकडे जाणारा रस्ता आणि टेकडीची पायवाट ही दोन्ही ज्या घराला जवळ पडतील, असे घर शोधणे हीच तेथली खरी मेहनत.

त्या भगिनींना मी एवढेच सुचविले की कोठेही घर विकत घेऊ नये. प्रथम दोन वर्षे भाड्याने राहावे. त्यापूर्वी आठ दिवस तेथे जाऊन राहावे, तेही सुट्टीतले नव्हे, कामाचे. सकाळी कचेरीच्या वेळी तो रस्ता स्वतः तुडवावा. इमारतीच्या रखवालदाराला मे महिन्यात टँकर किती येतात ते विचारावे. घरमालकाला विचारू नये. आणि मुलीचे बोट धरून घरापासून चालत निघावे. दहा मिनिटांत माती, झाड किंवा पाणी लागले तर ते घर विचारात घ्यावे.

या महिन्यात त्यांचे दुसरे पत्र आले. पुण्यास पाषाण भागात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा भाड्याने घेतली आहे. यजमानांना कचेरीस जावयास पाऊण तास लागतो, पाऊस असला तर सव्वा. मे महिन्यात आठवड्यास दोन टँकर येतात, असे रखवालदाराने आधीच सांगितले होते आणि ते खरे निघाले. स्वयंपाकघर लहान आहे, अशी त्यांची तक्रार आहे. सासरे दिवाळीनंतर साताऱ्यास परत जाणार होते. अद्याप गेलेले नाहीत. रोज सकाळी नातीला घेऊन ते टेकडीवर जातात आणि तिच्या शाळेची बस चुकविण्याची वेळ आणतात, म्हणून सूनबाईंनी आता भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे करून ठेवले आहे.