कोल्हारच्या मतदाराने लोकसभेला मत दिलंच नाही, तर नेमकं काय होतं?

'एका मतानं काय फरक पडतो?' लोकसभा निवडणूक आली की हा प्रश्न पारावरही ऐकू येतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरही. अनेकदा तो आळसातून नाही, तर वैतागातून आलेला असतो. म्हणूनच 'मतदान हे पवित्र कर्तव्य आहे' एवढं सांगून तो सुटत नाही.

राहाता तालुक्यातलं कोल्हार हे प्रवरेच्या काठावरचं, नगर-मनमाड रस्त्यावरचं गाव. विखे पाटलांचं लोणी इथून जवळच. इथल्या मतदाराच्या नजरेतून हा प्रश्न समजून घेऊया.

'सगळं आधीच ठरलेलं असतं' असं का वाटतं?

कोल्हार शिर्डी लोकसभा मतदारसंघात येतं. आधी हा भाग कोपरगाव मतदारसंघात होता आणि बाळासाहेब विखे पाटील इथून अनेकदा खासदार झाले. 2009 पासून शिर्डी हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. चेहरे बदलले, पण 'उमेदवार पक्ष ठरवणार, निकाल नेते ठरवणार' हा समज गेला नाही.

त्यात आश्वासनांचा अनुभवही आहे. निळवंडे धरणाची कल्पना 1970 ची. 182 गावांना पाणी देणाऱ्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 रोजी. मधल्या 53 वर्षांत लोकसभेच्या डझनभर निवडणुका होऊन गेल्या. राहाता तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने 'मत देऊन काय मिळालं?' असं विचारलं, तर त्याला लगेच बेजबाबदार म्हणता येणार नाही.

आकडे काय सांगतात?

13 मे 2024 रोजी शिर्डीत मतदान झालं. शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाचे भाऊसाहेब वाकचौरे यांना 4,76,900 मतं मिळाली. शिवसेनेचे (एकनाथ शिंदे) सदाशिव लोखंडे यांना 4,26,371. फरक 50,529 मतांचा.

मतदारयादीत मात्र 16 लाख 70 हजारांहून जास्त नावं होती आणि मतदान झालं सुमारे 63 टक्के. म्हणजे साधारण सहा लाख मतदारांनी मत दिलंच नाही. विजयी उमेदवाराला मिळालेल्या मतांपेक्षा हा आकडा मोठा आहे.

अर्थात हे सगळे नाराज होते असं नाही. कुणी कामासाठी पुण्या-मुंबईत असेल, कुणाचं नाव दोन ठिकाणी असेल, मृतांची नावंही यादीत राहून जातात. पण खरी अडचण इथेच आहे. घरी बसलेला नाराज मतदार आणि गावात नसलेला मतदार यांत निकालाचा कागद फरक करत नाही. तुमचा राग आणि शेजाऱ्याची गैरहजेरी एकाच रकान्यात जाते.

'नेते ठरवतील तेच होतं' हा समजही या निवडणुकीत टिकला नाही. शेजारच्या अहमदनगर मतदारसंघात भाजपचे सुजय विखे पाटील यांचा नीलेश लंके यांनी 28,929 मतांनी पराभव केला. जिल्ह्यातल्या दोन्ही जागा महायुतीने गमावल्या.

मग एका मताने खरंच फरक पडतो का?

प्रामाणिक उत्तर : जिंकण्या-हरण्यापुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा नाही. अपवाद आहेत. 2024 मध्येच मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर फक्त 48 मतांनी जिंकले. पण असे निकाल विरळाच.

तरीही मताचं काम निकालापाशी संपत नाही. कांद्याचं उदाहरण घ्या. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातीवर बंदी घातली. ती 4 मे 2024 रोजी, म्हणजे शिर्डीच्या मतदानाच्या नऊ दिवस आधी उठली. तरी 550 डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्काची अट होतीच. निकालात दिंडोरीसह कांदा पट्ट्यातल्या अनेक जागा महायुतीच्या हातून गेल्या. कांद्याचा फटका बसल्याचं महायुतीच्या नेत्यांनीही नंतर मान्य केलं. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर 2024 मध्ये किमान निर्यात मूल्य हटलं आणि शुल्क निम्म्यावर आलं. 1 एप्रिल 2025 पासून उरलेलं शुल्कही गेलं.

हे सगळं फक्त मतांमुळे झालं, असं म्हणता येणार नाही. बाजारभाव आणि पीकही महत्त्वाचं असतं. पण कुठल्या पट्ट्यात किती मतं घसरली, याचा हिशेब पक्ष बूथनिहाय मांडतात. कुठला गट मतदानालाच येत नाही, हेही त्यांना कळतं आणि मग त्या गटाची मनधरणी करण्याची गरज उरत नाही.

कुणीच पसंत नसेल तर?

सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालानंतर 'नोटा' हा पर्याय आला. तुमची नाराजी त्यात मोजली जाते, पण तिला दात नाहीत. लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी त्याखालचा उमेदवार विजयी ठरतो. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याची बातमी झाली, निकाल बदलला नाही.

आणि यादीवरच विश्वास नसेल तर?

हा प्रश्न शिर्डीत नवा नाही. विधानसभा निवडणुकीआधी शिर्डीतल्या एका इमारतीत सुमारे 7 हजार मतदार वाढले, असा आरोप राहुल गांधी यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये लोकसभेत केला. निवडणूक आयोगाने महाराष्ट्रातल्या याद्यांबाबतचे आरोप फेटाळले. तुम्हाला कुणाचंही पटो, मतदान टाळून यादी दुरुस्त होत नाही. ती होते नाव तपासून, हरकत नोंदवून. चुकीच्या नावावर हरकतीसाठी फॉर्म 7 असतो आणि नव्या नोंदणीसाठी फॉर्म 6.

थोडक्यात, तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत

- उमेदवाराला मत : निकालात आणि पक्षांच्या हिशेबात, दोन्हीकडे मोजलं जातं.
- नोटा : नाराजी म्हणून मोजलं जातं, निकाल बदलत नाही.
- घरी बसणं : कायद्याने गुन्हा नाही, भारतात मतदान सक्तीचं नाही. पण त्यामागचं कारण कुठेच नोंदवलं जात नाही.

तिसरा पर्याय निवडण्याचा तुम्हाला हक्क आहे. फक्त त्याला निषेध समजू नका, कारण समोरच्यापर्यंत तो निषेध म्हणून पोहोचत नाही. आणि मत द्यायचं ठरवलं, तर मतदार ओळखपत्र खिशात असणं पुरेसं नाही. यादीत नाव लागतं, आणि ते तपासायला निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नाही.