पडलेल्या स्वाराचेच छायाचित्र का?

मोटरसायकलच्या शर्यतीचे छायाचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? आडवी झालेली गाडी, हवेत फेकला गेलेला स्वार आणि भोवती उसळलेला धुरळा! मोबाइलवर तेच फिरते. मग नवशिक्यालाही वाटते, की वळणावर ठाण मांडून बसावे, कोणीतरी पडेलच. माझे मत याच्या अगदी उलट आहे. पडण्याची वाट पाहणाऱ्याला शर्यत दिसतच नाही.

गेली दोन वर्षे आमच्या भागात होणाऱ्या मातीवरच्या शर्यतींना मी मावसभावाचा जुना कॅमेरा घेऊन जातो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. वडील तालुक्याच्या गावी मोटरसायकली दुरुस्त करतात. छायाचित्रणाचा पहिला धडा मला त्यांनीच दिला. ते म्हणाले, 'नुसता बघू नको, आवाज ऐक. वळणाआधी पोरगं रेस सोडतं, मग पुन्हा देतं. त्याचा हात तिथं कळतो.' कॅमेऱ्याला हात न लावलेल्या माणसाचे हे बोल मला फार मोलाचे वाटतात. आधी खेळ कळला पाहिजे, मग कॅमेरा.

स्पीडवे या खेळाचेच पाहा. तो आपल्याकडे रुजला नाही; पण पोलंड, ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्क येथे लोकप्रिय आहे. १९२८ साली लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतीला हजारोंची गर्दी लोटली होती. अंडाकृती मैदान, चार स्वार, चार फेऱ्या, ५०० सीसीची गाडी आणि तिला ब्रेकच नाही! डावीकडच्या वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरू देतो, पुढचे चाक उजवीकडे वळवतो आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवतो. अजाण माणसाला वाटेल, हा आता पडणार! वास्तविक तो त्या क्षणी गाडीवर पुरेपूर ताबा ठेवून असतो. आपल्याकडच्या शर्यतींतही वळणावर स्वार आतला पाय पुढे काढतो, तो घाबरून नव्हे. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टिपण्यासारखे क्षण प्रत्येक फेरीत सापडतात.

त्यासाठी महागडी सामग्री हवीच असे नाही. उडीच्या माथ्यावर गाडी क्षणभर वर जायची थांबते आणि अजून खाली यायची असते. तिथे साध्या कॅमेऱ्यालाही ती सापडते. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेली चाके स्पष्ट येतात खरी, पण सपाट रस्त्यावर गाडी उभी करून ठेवल्यासारखी वाटते. तेथे शटर सेकंदाच्या साठाव्या किंवा शंभराव्या भागापर्यंत आणावे, पाय रोवून कमरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवावा आणि बटण दाबल्यावरही फिरवणे थांबवू नये. स्वार स्पष्ट येतो, मागची गर्दी रेघांसारखी वाहते. वीसांतले एखादेच छायाचित्र साधते. पण त्यात वेग दिसतो. मात्र उभे राहायचे ते कठड्याच्या मागेच, हे सांगायलाच हवे.

कोणी म्हणेल, अपघात हेही सत्यच आहे, ते का दडवावे? दडवू नये. पण तेवढेच सत्य आहे काय? आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत पडला. आधीच्या सगळ्या फेऱ्यांत तो दुसरा होता. त्याच्या पडण्याची छायाचित्रे संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि त्याच्या आईने मुलाची शर्यत पहिल्यांदा पाहिली ती अशी! तो दुसरा धावत असतानाचे एकही छायाचित्र कोणाकडे नव्हते. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या मुलाच्या मेहनतीची एवढीच नोंद उरावी, हे मला पटत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आज कॅमेरा आहे. पुढच्या शर्यतीला जाल तेव्हा एक करा. पहिली फेरी कॅमेरा खाली ठेवून नुसती पाहा, ऐका. मग एखादा स्वार निवडा, तो शेवटचा असला तरी चालेल, आणि त्याचे वळण घेतानाचे एक चांगले छायाचित्र काढून त्याच्या घरी नेऊन द्या.