लापशीवरचं मन उडालं तर

रामनवमीला पोहरादेवीत तांड्यातांड्यांतून बंजारा समाज लोटतो. जगदंबेचं दर्शन, सेवालाल महाराजांची समाधी आणि भोगाची गुळाची लापशी. त्या पंगतीत वजन उतरवायची सुई घेणारी एखादी लेक बसली आहे असं समजा. घास तोंडाशी नेऊन ती खाली ठेवेल, आणि शेजारची बाई विचारेल, "काऊन वं, बरं नाही का?" याच्या उत्तरावरून दोन तट पडले आहेत. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिला तट म्हणतो, ही सुई माणसाला निराश करते, जिवावर उठते. भीती अगदीच हवेतली नाही. वजनासाठीचीच रिमोनाबंट ही गोळी युरोपात २००६ मध्ये आली आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार अशा तक्रारींपायी २००८ मध्ये मागे घ्यावी लागली. पण ती मेंदूत निराळ्याच ठिकाणी काम करायची. या सुईतलं सेमाग्लुटाइड नक्कल करतं ती जेवणानंतर आपल्याच आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची. २०२३ मध्ये आइसलँडहून शंका आल्या, तेव्हा युरोपच्या औषध नियामकांनी चौकशी केली; एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की हाती असलेल्या पुराव्यावरून आत्महत्येच्या विचारांचा दोष या औषधांवर ठेवता येत नाही. अमेरिकेत सुमारे २ लाख ४० हजार जाड रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांतही असे विचार सेमाग्लुटाइडवाल्यांत कमीच निघाले.

इथे दुसरा तट टाळ्या पिटतो: बघा, मनाचा काही संबंधच नाही! अहो, चौकशी आत्महत्येच्या विचारांची होती. चिडचिड, उगाच रडू येणं, कशातच जीव न रमणं, याचा निकाल त्यात लागलेला नाही. शिवाय वेगोवी, म्हणजे वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या, मुख्य चाचण्यांत अलीकडे तीव्र नैराश्य येऊन गेलेल्यांना घेतलंच नव्हतं. जी माणसं दारातच थांबवली, त्यांच्या वतीने निर्धास्त कसं व्हायचं?

या वादात एक घरगुती युक्तिवाद असतो, आणि तो मला सगळ्यांत घातक वाटतो: "आम्ही नवरात्राचे नऊ दिवस उपास करतो, आम्हाला नाही उदास वाटत." उपासात भूक जागी असते, तिला दाबण्यातच व्रताचा कस आहे. उपास सुटायचा दिवस ठरलेला असतो, सोबतीला अख्खं घर असतं. सुईने भूकच विझते, आणि ती कधी पेटेल हे पंचांगात लिहिलेलं नाही. काहींना हे सुख वाटतं. दिवसभर डोक्यात घोळणारं खाणं एकदाचं गप्प बसतं. पण जिच्या दुःखावर उतारा म्हणजे चहासोबतची दोन भजी, तिचा तो उतारा गेला आणि दुःख जागच्या जागी राहिलं. त्यात डोस आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून पायऱ्यापायऱ्यांनी २.४ वर जातो. त्या दिवसांत मळमळ, पोटात अन्न नाही, झोप तुटकी. अशा माणसाचा पारा चढला तर त्याला नाटकं म्हणायची?

म्हणून माझं म्हणणं असं: सुई बदनाम करू नका, पण काट्यावरच्या किलोंसोबत मनाचीही नोंद ठेवा. पूर्वी नैराश्य आलं असेल, त्याच्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्या सुईआधी डॉक्टरांना सांगा. घरच्या एकाला सांगून ठेवा, "माझं वागणं बदललं तर टोक." सुई मनानेच बंद केली तरी औषध अंगातून उतरायला पाच ते सात आठवडे लागतात आणि भूक परत येते, तेव्हा तो निर्णयही डॉक्टरांसोबतच.

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. म्हणजे ही आता फक्त पुण्या-मुंबईची गोष्ट राहणार नाही. स्वस्त सुई पोहरादेवीजवळच्या मानोऱ्याच्या मेडिकलातही मिळेल. मानसोपचारतज्ज्ञ तितक्या सहज मिळणार नाही. तो मिळेपर्यंत सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, मराठीतून बोलता येतं. नंबर १४४१६. सुईच्या डबीवर पेनाने लिहून ठेवा.