मनाच्या जखमेवरही तेल हवे

4 फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन असतो, तर 11 फेब्रुवारीला, लुर्डमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली तो घोषित केला. आठवड्याच्या अंतराने येणारे हे दोन दिवस आम्हांपुढे एकच प्रश्न ठेवतात: गाठीवर उपचार होतात, मनाचे काय?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत घराला घर लागून असते. कोणाकडे पाहुणा आला, हेही गल्लीला कळते. तरीही कर्करोगाचे नाव निघताच आवाज खाली येतो. रुग्ण खचेल म्हणून घरचे गप्प. घरच्यांना त्रास नको म्हणून रुग्ण गप्प. या दुहेरी मौनात भीती आणि 'आपण ओझे झालो' ही भावना वाढत जाते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागली, तर खर्चाची व मुक्कामाची चिंता वेगळीच.

ही व्याकुळता म्हणजे विश्वासाचे दुबळेपण नव्हे. गेथशेमानी बागेत प्रभू येशूचा जीवही व्याकुळ झाला होता आणि त्याने शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहावयास सांगितले होते.

लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मूळच्या परिचारिका. शरीर, मन, समाज आणि आत्मा या चारही अंगांनी दुखणे असते, ही त्यांची मांडणी. आपल्याकडे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 साली वांद्रे येथे शांती आवेदना सदन उभारले. ते देशातील पहिले हॉस्पिस मानले जाते. रुग्णाने आपला मनस्ताप 0 ते 10 या मापावर सांगावा, अशी पद्धतही आता रूढ आहे. आकडा 4 वा अधिक असल्यास पुढील चौकशी करतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, परिचारिकेचा थोडा निवांत वेळ लागतो. मध्यरात्री जागा असलेला रुग्ण तिलाच दिसतो. पण सगळ्या वॉर्डचा भार तिच्या एकटीवर असेल, तर तो वेळ कोठून यावा? परिचारिकांची पुरेशी संख्या हा उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

धर्मग्रामांचेही कर्तव्य आहे. रुग्णाभ्यंग संस्कार अखेरच्या घटकेसाठी राखून न ठेवता गंभीर आजाराच्या आरंभीच धर्मगुरूंना कळवावे. भेटीस गेल्यावर 'धीर धरा' म्हणण्याआधी 'झोप लागते का?' असे विचारावे. जगणे नकोसे वाटू लागल्यास विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. औषध घेतल्याने प्रार्थनेचा अवमान होत नाही. शुश्रूषा करणाऱ्या सुनेला वा मुलाला एखादी दुपार मोकळी करून द्यावी.

दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल ओतले, जखमीला उतारशाळेत नेले आणि पुढील खर्चही आपल्याकडे घेतला. त्याची करुणा वाटेवरच संपली नाही. आमचीही संपू नये, हीच प्रभूचरणी प्रार्थना.