रताळ्यांचा भाव

बेळगावहून वेंगुर्ले रस्त्याने निघाले, की हिंडलगा, सुळगा मागे टाकून तुरमुरी-बाचीपर्यंत लाल मातीची शेते लागतात. गणपतीनंतर रस्त्याकडेला रताळ्यांचे ढीग, सोबत कधी काकड्या, कधी मक्याची कणसे. झाडाची गार सावली; गाडीवाले हमखास थांबतात. भाव कुणी मराठीत विचारतो, कुणी ‘एष्टु?’ म्हणून. मावशींना दोन्ही कळते, आणि घासाघीस दोन्ही भाषांत सारखीच!

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी म्हणतो, येथे अडत नाही, दलाल नाही, मग माल स्वस्तच हवा. मला हा हिशेब लंगडा वाटतो. दलाल नसला तरी त्याचे काम उरतेच. ते मावशी करतात. काढणी, निवड, डोक्यावरून वाहणे, शिवाय दिवसभर उन्हापावसात बसणे. ही मजुरी कोणत्या खात्यावर टाकायची? दुकानात छापील किंमत मुकाट मोजणारे आपण येथे पाच रुपयांसाठी गाडी चालू करून निघाल्यासारखे करतो. (नवरात्रात उपासाला हीच रताळी शहरात काय भावाने घेतो, तेही आठवावे.)

सांगितलेला भाव द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन झाल्यावर मावशी दोन रताळी वर घालतात, त्या न मागताच.