धुरानं बुरशी मरत नाही

विडीच्या धुरानं तोंडातले जंतू जळतात, असं ठासून सांगणारे काका गावोगाव भेटतात. शहरातले शिकलेले असं बोलत नाहीत. तोंड आलं की ते ‘उष्णता झालीय’ म्हणतात, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतात आणि पुढची सिगारेट पेटवतात.

जंतू जाळण्याइतका तो धूर गरम असता, तर आधी जीभच भाजली असती. कॅन्डिडा ही बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात असतेच. लाळ आणि पांढऱ्या पेशी तिला डोकं वर काढू देत नाहीत. धूर नेमका या राखणदारांवर घाला घालतो. लाळेतली रोगप्रतिकारक प्रथिनं घटतात, पेशी सुस्तावतात, गालाच्या आतलं अस्तर जाड होतं. प्रयोगशाळेत तर सिगारेटच्या धुराचा अर्क मिळाल्यावर ही बुरशी अधिक चिकटते आणि थरावर थर रचते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र दमदार आहे. काही पाहण्यांत धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडात बुरशी जास्त आढळली, तर काहींत फरकच दिसला नाही. कबूल. पण बुरशी असणं वेगळं आणि तिचा रोग होणं वेगळं. या रोगाच्या एका प्रकारात ओठांच्या कोपऱ्यामागे, गालाच्या आत एक जाडसर पांढरा चट्टा उठतो. साध्या बुरशीची दह्यासारखी साय बोळ्यानं पुसली जाते. हा चट्टा घासूनही निघत नाही. असे रुग्ण बहुतेक सगळे धूम्रपान करणारेच असतात. त्यातल्या काही चट्ट्यांचा पुढे कर्करोग होतो, म्हणून तुकडा काढून तपासावा लागतो. इथे गुलकंद आणि जाईचा पाला चघळत महिने घालवणं म्हणजे शुद्ध बेफिकिरी.

मधुमेह, रात्रीही न काढलेली कवळी, दम्याचा पंप घेतल्यावर चूळ न भरणं, रक्तातलं लोह कमी असणं, हीही कारणं खरीच. पण ती आहेत म्हणून विडी निर्दोष सुटत नाही. मधुमेह असताना विडी ओढणं म्हणजे बुरशीला दुहेरी मोकळीक. ‘औषध लावलं की जाते ना?’ हाही युक्तिवाद लंगडाच. क्लोट्रिमॅझोलनं चट्टा ओसरतो, धूर चालूच राहिला की पुन्हा उमटतो. उलट, धूम्रपान सुटल्यावर औषधाला यश येण्याची शक्यता वाढते.

शेवटचा पूर्वपक्ष सगळ्यांत चलाख: ‘विडी सोडली आणि तोंड आलं, म्हणजे विडीच बरी होती.’ सोडल्यावर काहींना तोंडात फोड येतात, हे खोटं नाही. पण ती बुरशी नव्हे. धुरानं जाड झालेलं अस्तर पुन्हा मूळचं नाजूक होताना येणारे ते फोड असावेत, आणि ते बहुधा थोड्या आठवड्यांत थांबतात. गालातला तो चट्टा मात्र विडी ओढत राहून थांबत नाही.