जुना कॅल्क्युलेटर, नवा लॅपटॉप

अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या, मूळच्या खेड तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आमच्याकडे आलं आहे. त्यांचे मरहूम शौहर तिथल्या शाळेत गणित शिकवत असत. त्यांचा टीआय-८३ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर घरात आहे. मुलांच्या सरावासाठी लिहिलेले प्रोग्राम त्यात आहेत, आणि दर रमजानला जकातीचा हिशेब करण्यासाठी त्यांनी स्वतः तयार केलेला एक छोटा प्रोग्रामही आहे. सोबत एक राखाडी केबल आहे, पण तिचं टोक नऊ खिळ्यांचं, रुंद आहे. नव्या लॅपटॉपला तसं भोकच नाही. मुलगा अकरावीत आहे, त्याला अब्बांचं काम जपून ठेवायचं आहे. ‘हे आता निघेल का, की वस्तू टाकून द्यायची?’ असं भगिनी विचारतात.

टाकू नका. काम निघण्याची शक्यता चांगली आहे. मात्र क्रम पाळायला हवा, कारण घाईत एक चुकीची गोष्ट झाली तर जे जपायचं आहे तेच पुसलं जाईल.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. महाराष्ट्रात बारावीची मुलं आजही परीक्षेत लॉग टेबल घेऊन बसतात, त्यामुळे ही वस्तू फार घरांत दिसत नाही. ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे समीकरण टाकलं की त्याचा आलेख पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. पहिलं असं यंत्र कॅसिओने १९८५ मध्ये काढलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी १९९० मध्ये यात उतरली आणि अमेरिकन शाळांमध्ये तिचाच जम बसला. टीआय-८३ प्लस १९९९ चा. पडदा आडवा ९६ ठिपके आणि उभा ६४ ठिपके, वापरायला मिळणारी चालू मेमरी सुमारे २४ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण आकडेमोडीचे प्रोग्राम काही ओळींचेच असतात, त्यांना तेवढी जागा पुष्कळ होते.

पहिलं काम बॅटरीचं. या यंत्रात चार ‘ट्रिपल ए’ सेल असतात आणि शिवाय नाण्यासारखा एक छोटा लिथियम सेल. मोठे सेल संपले तर छोटा सेल चालू मेमरी धरून ठेवतो. दोन्ही संपले, किंवा दोन्ही एकाच वेळी काढले, तर चालू मेमरी कोरी होते. म्हणून आधी फक्त चार मोठे सेल बदला. चारही नवे, एकाच जातीचे घाला. छोट्या सेलला हात लावू नका. जुने सेल पाझरले असतील तर तिथली पांढरी पूड कोरड्या कापडाने हळूच पुसून घ्या. यंत्र चालू होऊनही पडदा कोराच दिसला, तर ‘सेकंड’ दाबून वरचा बाण दाबत राहा. अक्षरं गडद होतील. अनेकदा यंत्र ठीक असतं, फक्त अक्षरं फिकी झालेली असतात.

दुसरं काम फोटोंचं. केबल शोधण्याआधी हे करा. ‘पीआरजीएम’ हे बटण दाबा, ‘एडिट’वर जा, प्रोग्राम उघडा आणि पडद्याचे एकामागून एक फोटो मोबाइलवर काढा. कॅल्क्युलेटरवरच लिहिलेला साधा प्रोग्राम असा ओळ न् ओळ वाचता येतो. उद्या सगळी यंत्रं रुसली, तरी फोटो पाहून तो पुन्हा टाइप करता येईल. मात्र ‘एडिट’मध्ये असताना चुकून दुसरं बटण दाबलं तर ओळ बदलते. म्हणून फक्त वर-खाली बाण वापरा.

तिसरं काम मेमरीचं. या मॉडेलमध्ये एक दुसरा कप्पा आहे, त्याला ‘आर्काइव्ह’ म्हणतात. त्यात ठेवलेली गोष्ट सेल काढले तरी पुसली जात नाही. ‘सेकंड’ आणि मग अधिकचं बटण दाबलं की मेमरीची यादी येते. त्यात पाचव्या क्रमांकावर ‘आर्काइव्ह’ आहे. ते निवडा, मग ‘पीआरजीएम’मधून प्रोग्रामचं नाव निवडा आणि ‘एंटर’ दाबा. त्याच यादीत सातव्या क्रमांकावर ‘रीसेट’ आहे. तिकडे जाऊ नका. मुलाला हे आधीच बजावून ठेवा.

इतकं झालं की निम्मी काळजी मिटली. आता संगणकाकडे वळू.

कॅल्क्युलेटरच्या खालच्या कडेला एक बारीक गोल भोक असतं. ते अडीच मिलिमीटरचं असतं, मोबाइलच्या नेहमीच्या हेडफोनचं साडेतीन मिलिमीटरचं. त्यामुळे हेडफोनची पिन त्यात जात नाही. या भोकातून फक्त दोन तारांवर बोलणं चालतं. पाठवणाऱ्याने एक तार खाली ओढली तर शून्य, दुसरी ओढली तर एक. घेणारा उरलेली तार खाली ओढून ‘मिळालं’ असं कळवतो, मग दोघेही तारा सोडतात आणि पुढचा बिट निघतो. प्रत्येक बिटला पोच असते, म्हणून काम सावकाश होतं, पण कोणालाही दुसऱ्याच्या वेगाची घाई नसते. यामुळेच इतक्या वर्षांपूर्वीचं हे यंत्र आजच्या संगणकाशी बोलू शकतं. मध्ये योग्य दुभाषी मात्र हवा.

तो दुभाषी म्हणजे केबल. भगिनींकडे आहे ती ‘ग्रेलिंक’ असावी. तिच्या डबीत एक छोटी चिप असते, त्यामुळे सीरियल ते यूएसबी असा जोड लावून ती नव्या संगणकावर बऱ्याचदा चालते. काळी ‘ब्लॅकलिंक’ असती तर हा जोड सहसा उपयोगी पडला नसता, कारण ती संगणकाच्या पोर्टमधल्या तारा थेट हलवते आणि यूएसबीच्या जोडाला ते नीट जमत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात केबल घेताना रंग विचारून घ्या. सर्वांत सोयीची ‘सिल्व्हरलिंक’. तिचं एक टोक अडीच मिलिमीटरचं आणि दुसरं थेट यूएसबीचं असतं. लॅपटॉपला फक्त टाइप-सी भोकं असतील तर एक साधा जोड लागेल.

आणखी एक वाट आहे, आणि तीत जवळजवळ काहीच खर्च नाही. मुलाच्या शाळेत कोणाकडे टीआय-८४ प्लस असेल तर तो तासाभरासाठी मागून आणा. २००४ मध्ये आलेल्या त्या मॉडेलला गोल भोकही आहे आणि मिनी-यूएसबीही. दोन्ही कॅल्क्युलेटर दोन्ही बाजूंना अडीच मिलिमीटरची पिन असलेल्या केबलने जोडा. दोन्हीवर ‘सेकंड’ आणि ‘एक्स-टी-थीटा-एन’चं बटण दाबून ‘लिंक’ उघडा. आधी घेणाऱ्यावर ‘रिसीव्ह’ निवडा, मग देणाऱ्यावर प्रोग्राम निवडून ‘ट्रान्समिट’ करा. आर्काइव्हमध्ये ठेवलेला प्रोग्रामही असा पाठवता येतो. मग टीआय-८४ प्लस मिनी-यूएसबीने संगणकाला लावा. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची तशी केबल अनेक घरांत पडून असते. ती फक्त चार्जिंगची नाही ना, एवढं पाहा. नवा टीआय-८४ प्लस सीई मात्र इथे कामाचा नाही, त्याला गोल भोक नाही.

संगणकावर प्रोग्राम कोणता? टीआय-८४ प्लस थेट यूएसबीने जोडला असेल तर कंपनीचं ‘टीआय कनेक्ट सीई’ मोफत मिळतं. टीआय-८३ प्लस आणि सिल्व्हरलिंकसाठी जुनं ‘टीआय कनेक्ट’ किंवा ‘टीलिप’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरा. टीलिप विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि ग्रेलिंकही ओळखतं. त्यात केबल आणि मॉडेल दोन्ही अचूक निवडावं लागतं, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लिनक्सवर केबल दिसूनही काम होत नसेल तर अडचण परवानगीची असते. कॅल्क्युलेटर चालू आणि साध्या मुख्य पडद्यावर असू द्या. जोडणी तुटत असेल तर आधी पिन जोर लावून पूर्ण आत सारा. ती अर्धवट राहणं हे सर्वांत सामान्य कारण आहे.

प्रोग्राम संगणकावर उतरला की त्याच्या फाइलच्या नावाशेवटी ‘८एक्सपी’ दिसेल. तिच्या दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. छोटा लिथियम सेल बदलायचा असेल तर तो आता बदला, मोठे सेल आत असतानाच.

दोन गोष्टी जाता जाता. जकातीच्या प्रोग्राममध्ये सोन्या-चांदीचा भाव लिहिलेला असेल तर तो त्या वर्षीचा आहे. अडीच टक्क्यांचं गणित तेच राहील, पण निसाबची किंमत दरवर्षी बदलते. चालू भाव घाला, आणि शंका असेल तर आलिमांना विचारा. दुसरं, परीक्षेसाठी लगेच नवा महाग कॅल्क्युलेटर घेऊ नका. अमेरिकेत २०२४ पासून एसएटी संगणकावर होते आणि तिच्या अ‍ॅपमध्ये डेस्मॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आधीच असतो. शाळेची यादी पाहा. घरातला चालत असेल तर तोच पुरे.

इस्राफ म्हणजे फक्त लग्नातल्या जेवणाची नासाडी नव्हे. चालणारी वस्तू ‘जुनी झाली’ म्हणून कचऱ्यात टाकणं हाही इस्राफच. आणि ज्या वस्तूत माणसाची मेहनत साठलेली आहे, ती वारसांच्या हातातली अमानत असते. आपल्या गावांतही अशा अमानती आहेत. आखातातून आलेल्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये नानीचा आवाज आहे, जुन्या मोबाइलमध्ये मरहूम वालिदांचे संदेश आहेत. त्यांचे सेल आणि फितीही एक दिवस संपणार आहेत. कॅसेटमधला आवाज मोबाइलवर कसा उतरवायचा, ते पुढच्या महिन्यात सांगू, इन्शाअल्लाह. तोवर घरातल्या कॅसेट उन्हातून आणि दमट कपाटातून बाहेर काढून कोरड्या जागी उभ्या ठेवा.